मारिया कॅलास : तबकडी की मैफल?

पेटीवाला:

एकाच गवयाचा एकच राग, पण तीन वेगवेगळ्या वर्षांच्या मैफली शेजारी शेजारी लावून ऐकायच्या, हे व्यसन इथल्या बऱ्याच जणांना आहे. कॅसेटच्या प्रतीची प्रत, तिचीही प्रत, मागे कोणीतरी खोकतंय, तबला नुसता धपधप वाजतोय आणि तरीही आपण जागेवरून हलत नाही. दोन वर्षांपूर्वी हेच व्यसन मला एका ऑपेरावालीचं लागलं. मारिया कॅलास.

ऑपेराचं शास्त्र मला येत नाही, इटालियन तर मुळीच नाही. भाषांतर हातात धरून ऐकतो. सुरुवात अर्थात मी चुकीच्या ठिकाणाहून केली: 'निवडक कॅलास' छापाची एक सीडी. त्यात 'कास्ता दिवा', 'कारमेन'मधलं ते सगळ्यांना माहीत असलेलं गाणं, असं सगळं एकापाठोपाठ एक. ऐकलं, बरं वाटलं, ठेवून दिलं. मग एका मित्राने व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेराचं एक ध्वनिमुद्रण पाठवलं. लिस्बन, २७ मार्च १९५८. आवाज असा की कोणीतरी रेडिओ घोंगडीत गुंडाळून ठेवलाय. दुसऱ्या अंकात नायिकेला, व्हायोलेत्ताला, प्रियकराचा बाप भेटायला येतो आणि मुलाला सोड म्हणून तिची मनधरणी करतो. बरंच ताणून शेवटी ती कबूल होते, 'तुमच्या मुलीला सांगा' म्हणते. त्या 'सांगा'च्या आधी एक लांब 'आऽ' आहे. तो सूर बाई लावतात कुठे आणि सोडतात कुठे ते कळतच नाही. वाद्यं थांबून राहतात. मी गाडी बाजूला घेतली होती.

नंतर खोदत गेलो. चेत्रा कंपनीने १९५३ साली तिची हीच भूमिका तुरीनला स्टुडिओत मुद्रित केली होती. त्या कराराच्या अटींमुळे पुढची काही वर्षं तिला ती दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गाता येईना. तोवर ती ईएमआयची सगळ्यात मोठी गायिका झालेली, पण ईएमआयने १९५५ साली 'त्राव्हियाता' काढली ती आंतोनिएत्ता स्तेल्लाला घेऊन! वाद्यवृंदाचा संचालक कोण, तर तुल्लियो सेराफिन, म्हणजे कॅलासला घडवणारा माणूस. बाई भयंकर चिडल्या म्हणतात. परिणाम असा, की जी भूमिका तिने रंगमंचावर साठेक वेळा केली, तिचं चेत्रानंतर एकही स्टुडिओमुद्रण नाही. सगळा खजिना घोंगडीतल्या रेडिओत: मिलानचं ला स्काला थिएटर १९५५ (ज्युलिनी संचालक, व्हिस्कोंतीचं दिग्दर्शन), लिस्बन १९५८, लंडन जून १९५८.

तर प्रश्न जाणकारांना. कॅलास तबकडीवर ऐकायची की मैफलीत? आणि आणखी काय ऐकू?

---

खर्जातला_सा:

धागा छान, पण उलट बाजूही कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

मला बाईंचा आवाज आवडत नाही. प्रयत्न करून झाला. खालचा सूर बाटलीत तोंड घालून गायल्यासारखा, मधला घोगरा आणि वरचा धारदार. १९५७-५८ नंतर वरचे सूर इतके हेलकावे खातात की दोन सुरांमधून रिक्षा जाईल. त्यापेक्षा रेनाता तेबाल्दी ऐका. सगळ्या सप्तकांत एकसंध, दुधावरच्या सायीसारखा आवाज. आपल्याकडे बेसूर गायकाला 'पण भाव किती!' म्हणून सोडून देत नाहीत, मग इथेच का?

---

पेटीवाला:

@खर्जातला_सा, रिक्षा :))

पण एक विचारतो. उतारवयातल्या बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून कोणी म्हणतं का, की आवाज गेला, ठेवून द्या? (तुलना आवाजाची नाही, ऐकणाऱ्यांची आहे. मारायला धावू नका.)

---

अनवट:

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. खर्जातले सा, तुम्ही म्हणता ते तीन आवाज तिला होतेच. तिच्या भक्तांनीही ते कधी नाकारलं नाही. पण 'बेसूर' हा शब्द मागे घ्या. १९४९ ते ५५ मधलं काही ऐकलंत तर घ्यालच.

जानेवारी १९४९, व्हेनिस, ला फेनीचे. पंचविशीतली कॅलास वाग्नरच्या 'वाल्क्यूरे'त ब्रुनहिल्द गातेय (इटालियनमध्ये, तेव्हा तिकडे तशीच पद्धत होती). ही भूमिका म्हणजे भला मोठा वाद्यवृंद फोडून पलीकडे जाणारा आवाज लागतो. त्याच थिएटरात पुढे बेल्लीनीचं 'इ पुरितानी' लागायचं होतं. त्यातली एल्विरा करणारी मार्गेरिता कारोझियो आजारी पडली. सेराफिनने कॅलासला उभं केलं. ही भूमिका पार दुसऱ्या टोकाची, नुसत्या ताना, पलटे, तारसप्तकातली फुलपाखरी कलाकुसर. बाईंनी ती आठवडाभरात बसवली, तीही इकडे ब्रुनहिल्द गात असताना. एकाच महिन्यात त्याच रंगमंचावर दोन्ही. आपल्याकडे सांगायचं तर आज रात्री धृपद, पुढच्या आठवड्यात टप्पा, आणि दोन्हीकडे लोक उठून उभे.

त्या रात्रींचं मुद्रण नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने चेत्रासाठी पहिल्या तबकड्या दिल्या, ७८ फेऱ्यांच्या. त्यात एल्विराचं वेडाचं गाणं आहे, 'नॉर्मा'तलं 'कास्ता दिवा' आहे आणि वाग्नरच्या इझोल्डचा शेवटही आहे. पेटीवाले, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: या तीन तबकड्यांपासून सुरुवात करा. खर्जातले सा, तुम्हीही.

---

निवांत_नंदिनी:

वाचतेय. वाचनखूण साठवली.

एक दुरुस्ती वजा शंका. पेटीवाल्यांच्या सीडीवर 'कारमेन' होतं असं आलंय. तिने कारमेन रंगमंचावर कधी केली? एका मासिकात 'तिची गाजलेली कारमेन' असं वाचलं होतं.

---

अनवट:

कधीच नाही. १९६४ ची पॅरिसमधली स्टुडिओ तबकडी, संचालक जॉर्ज प्रेत्र, एवढंच. रंगमंचावर शून्य. 'ला बोएम'ची मिमी, 'मानों लेस्को' आणि 'पाल्याच्ची'तली नेद्दा याही फक्त तबकडीवरच्या भूमिका. 'बटरफ्लाय' स्टुडिओत आहे, रंगमंचावर मात्र शिकागोला १९५५ साली तीनच प्रयोग.

उलटीही गंमत आहे. लेडी मॅकबेथ तिने ला स्कालात ७ डिसेंबर १९५२ ला, हंगामाच्या पहिल्या रात्री गायली. संचालक दे साबाता. त्या रात्रीचं मुद्रण आहे, दर्जा सुमार, पण झोपेत चालण्याचा प्रवेश ऐका. ही भूमिका अख्खी स्टुडिओत झालीच नाही. 'आन्ना बोलेना' (१९५७) तशीच. म्हणजे नुसती तबकडीवरची कॅलास ऐकणाऱ्याला तिने न केलेल्या भूमिका मिळतात, केलेल्या मिळत नाहीत.

---

फीत_आणि_सुई:

तबकडीची बाजू कोणी घेत नाहीये म्हणून आलो.

'तोस्का', ऑगस्ट १९५३, मिलान, ला स्काला थिएटरातच केलेलं मुद्रण. कॅलास, दि स्तेफानो, तितो गोब्बी, संचालक व्हित्तोरियो दे साबाता, निर्माता वॉल्टर लेग. मोनो. सत्तर वर्षांत किती 'तोस्का' निघाल्या असतील, स्टिरिओ, डिजिटल, सगळ्या प्रकारच्या. तरी यादी करायला बसलं की लोक पहिली हीच लिहितात. मैफलीत जे योगायोगाने होतं ते इथे घासून घासून आणलंय. दे साबाता आणि लेग दोघेही पिसाट, एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घेतलेली. खलनायक स्कार्पियाच्या प्रेतापाशी तोस्का 'याच्यापुढे सारं रोम थरथरत होतं' म्हणते ती ओळ ऐका. गाणं जवळजवळ संपलंय, नुसतं बोलणं उरलंय, पण सुरात. आपल्याकडे संगीत नाटकात पद संपून गद्य सुरू होतं तो सांधा ज्यांना कळतो त्यांना इथे काय चाललंय ते सांगायला नको.

आता तांत्रिक. लाइव्ह मुद्रणं घेताना पट्टी तपासा. तेव्हाच्या फिती वेगवेगळ्या यंत्रांवर कॉपी होत आल्यात, वेग कमीजास्त झालेला असतो. अर्ध्या सुराने चढलेली कॅलास ऐकून 'काय वरचा सूर लागलाय!' म्हणणारे मी पाहिलेत. मीही त्यातलाच, १९९८ साली. संवादिनी जवळ ठेवा आणि ताडून बघा.

स्टुडिओतल्या सगळ्या तबकड्या २०१४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मूळ फितींवरून नव्याने काढल्या, ६९ सीडींचा संच. लाइव्हचा ४२ सीडींचा संच २०१७ ला आला. मी दोन्ही घेतले. घरी किंमत निम्मी सांगितली. ती अजून उघडकीस आलेली नाही.

---

खर्जातला_सा:

चेत्राच्या तबकड्या ऐकल्या. 'बेसूर' मागे घेतो. 'कर्कश' ठेवतो.

पण मग नऊ-दहा वर्षांत इतकं काय झालं? १९४९ ला हा आवाज आणि १९५८-५९ ला तो? गवयाचा आवाज पस्तिशीत तर पिकायला लागतो.

---

रानजाई:

नेहमीचं उत्तर: वजन. १९५३-५४ मध्ये तिने तीसएक किलो वजन उतरवलं. रंगमंचावर ती एकदम वेगळीच दिसायला लागली, आणि आधार देणारा श्वासही त्याबरोबर गेला असं म्हणणारा एक मोठा पक्ष आहे.

दुसरं: विशीत गायलेल्या अवजड भूमिका. अथेन्समध्ये युद्धकाळात, १९४२ ला तोस्का आणि ४४ ला बेथोव्हनची लिओनोरे. मग इटलीत तुरांदोत, इझोल्ड, ब्रुनहिल्द. कोवळ्या आवाजाला ते झेपलं, पण त्याची वसुली नंतर झाली.

तिसरं आजाराचं. शेवटच्या वर्षांत तिला तपासलेल्या एका इटालियन डॉक्टरने पुढे सांगितलं, की तिला डर्मॅटोमायोसायटिस होता, म्हणजे स्नायू आणि त्वचा दुबळी करणारा विकार, आणि त्यात स्वरयंत्राचे स्नायूही येतात. मी याच पेशात आहे (गळ्याच्या नाही, सांध्यांच्या). आजार खरा असेल, पण त्याने १९५८ चा हेलकावा समजावणं मला ओढूनताणून वाटतं. तिन्हींचं थोडं थोडं असेल.

माझं मत विचाराल तर बाईंनी गळा राखून गायलंच नाही. तालमीतही पूर्ण आवाजात.

---

चहाटळ:

ओनासिसचं कोणीच लिहिलं नाही अजून? धागा कसला हा!

---

पेटीवाला:

@चहाटळ, घ्या: १९५९ च्या उन्हाळ्यात अब्जाधीश जहाजमालक ओनासिसच्या जहाजावर नवऱ्यासकट गेली, परत आल्यावर नवरा सुटला. १९६८ ला ओनासिसने जॅकी केनेडीशी लग्न केलं. झालं. आता गाण्याकडे.

---

न्यूजर्सीकर_आजोबा:

तिच्या 'भांडखोर' ख्यातीबद्दल दोन ओळी, कारण त्यातलं निम्मं वर्तमानपत्री आहे.

एडिंबरा, १९५७. ला स्कालाचा दौरा, बेल्लीनीचं 'सोन्नांबुला'. करार चार प्रयोगांचा. व्यवस्थापनाने परस्पर पाचवा लावला. बाई दमल्या होत्या, चार करून निघाल्या. पेपरात काय आलं, तर कॅलास पळाली. पाचवा प्रयोग केला रेनाता स्कोत्तो नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीने, आणि तिचं नशीब त्या रात्री उघडलं.

रोम, २ जानेवारी १९५८. 'नॉर्मा', प्रेक्षकांत इटलीचे राष्ट्राध्यक्ष ग्रोंकी. बाईंचा घसा बसलेला, पहिल्या अंकानंतर उभं राहवेना, प्रयोग बंद. बदली गायिका ठेवलेलीच नव्हती! शिव्या कोणी खाल्ल्या, तर बाईंनी. पुढे कोर्टाचा निकाल तिच्या बाजूने लागला, पण तोवर बरीच वर्षं गेली होती.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा व्यवस्थापक रुडॉल्फ बिंगने तारखांच्या आणि भूमिकांच्या वादातून तिचा करार मोडला. त्या संध्याकाळी ती डॅलसला 'मेदेआ' गात होती. नवऱ्याने टाकलेल्या बाईची भूमिका! त्या रात्रीचं मुद्रण आहे. मी इतकंच म्हणेन, दिवे घालवून ऐकू नका.

आणखी एक. १९७१-७२ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या जूलिअर्ड संगीत विद्यालयात विद्यार्थ्यांना जाहीर शिकवलं. ते मुद्रित आहे. आवाज तोवर गेल्यात जमा. एका मुलाला 'रिगोलेत्तो'तलं बापाचं गाणं समजावताना ती स्वतः गाऊन दाखवते. पुरुषाची भूमिका, खालचा आवाज, फाटलेला. मी अनेक नामवंत बॅरिटोन (मधल्या पट्टीचे पुरुष गायक) प्रत्यक्ष ऐकलेत. त्या दीड-दोन मिनिटांइतका केविलवाणा बाप एकाचाही नव्हता.

---

दोनापावला:

अवांतर, पण या धाग्यावर नाही लिहायचं तर कुठे?

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात व्हॉयेजर यानं सुटली, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी घेऊन. त्यात आमच्या केरीच्या सूरश्री केसरबाईंची भैरवी 'जात कहाँ हो' आहे हे इथे सगळ्यांना पाठ. पण त्याच तबकडीवर ऑपेरातली एक सोप्रानोही (उंच पट्टीची गायिका) आहे: एडा मोझर, मोझार्टच्या 'जादुई बासरी'तली रात्रीची राणी. कॅलास नाही. दुसरं यान सुटल्याला दोन आठवडेही झाले नव्हते आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये कॅलास गेली, वयाच्या ५३ व्या वर्षी.

मला त्यात खंत वाटत नाही हां. मोझरचं ते गाणं खणखणीत आहे. आणि केसरबाईंच्या सोबतीला कोणीतरी खणखणीतच हवं.

---

अनवट:

@दोनापावला, झकास. माझंही एक अवांतर घ्या.

८ नोव्हेंबर १९५२, लंडन, कव्हेंट गार्डन. कॅलासचं तिथलं पदार्पण, 'नॉर्मा'. नॉर्माच्या दासीचं, क्लोतिल्देचं काम चार ओळींचं. ते करत होती जोन सदरलंड, ऑस्ट्रेलियाहून नुकती आलेली. पुढे हीच सदरलंड १९५९ ला त्याच रंगमंचावर 'लुचिया' गाऊन एका रात्रीत जगभर गेली. आणि बेल्लीनी-दोनिझेत्तीचे जे ऑपेरे धूळ खात पडले होते, ते कॅलासने उघडून दाखवल्यावर सदरलंड, काबाये, सिल्स यांनी मुक्कामाला नेले. त्या नोव्हेंबरातल्या एका रात्रीचं मुद्रण आहे. मोठी गायिका आणि दारात उभी असलेली मोठी गायिका, दोघी एकाच फितीवर.

आणि पेटीवाले, तुमच्या शेजारीशेजारीच्या खेळाला खाद्य: 'आयदा', मेक्सिको सिटी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, सगळा ताफा, कोरस, तुताऱ्या, यांच्या डोक्यावरून बाई एक सूर लावतात जो व्हेर्दीने लिहिलेलाच नाही. मधल्या सी ला षड्ज धरलात तर अतितार सप्तकातला कोमल गंधार. १९५० ला लावला, १९५१ ला पुन्हा लावला आणि धरून ठेवला. दोन्ही मिळतात. शास्त्रशुद्ध नाही, अभिरुचीला धरून तर त्याहून नाही. पण थिएटरातला गोंगाट ऐका.

---

खर्जातला_सा:

ऐकला. तीनदा. बायको विचारत आली काय झालं म्हणून.

तेबाल्दीवरचं प्रेम कायम आहे हे नोंदवून ठेवतो. आणि त्या दोघींचं वैर ज्यांना चघळायचंय त्यांना सांगतो, १९६८ ला न्यूयॉर्कमध्ये तेबाल्दीच्या प्रयोगानंतर कॅलास आत जाऊन तिला भेटली आणि दोघींनी मिठी मारली. फोटो आहे.

---

निवांत_नंदिनी:

बघायला काही आहे का? ऐकून ऐकून आता हावभावांची उत्सुकता लागलीय.

---

फीत_आणि_सुई:

फार नाही, हेच दुःख. अख्ख्या ऑपेराचं एकही चित्रीकरण नाही. 'तोस्का'चा दुसरा अंक दोनदा: पॅरिस डिसेंबर १९५८ आणि लंडन फेब्रुवारी १९६४, दोन्हीकडे समोर गोब्बी. शिवाय काही मैफलींची चित्रीकरणं, त्यातली हाम्बुर्गची १९५९ ची नक्की बघा. गाणं सुरू व्हायच्या आधी वाद्यं वाजत असतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा. हात शाल धरून बसलेले असतात आणि गाणं आधीच सुरू झालेलं असतं.

१९६४ च्या लंडनच्या अंकात सुरी सापडते तो क्षण आहे. ती टेबलावरून वाइनचा पेला उचलायला जाते, नजर पडते. बस. आधी बघू नका यूट्यूबवरचे तुकडे, सलग बघा.

---

पेटीवाला:

सगळ्यांचे आभार. यादी वहीत उतरवून घेतलीय. 'तबकडी की मैफल' हा माझा प्रश्नच जरा बावळट होता, ५३ ची 'तोस्का' ऐकल्यावर कळलं. तरी लिस्बन सोडवत नाही.

काल रविवारी बाबांना ऐकवली. वय ८४, इटालियनचा गंध नाही, ऑपेरा म्हटलं की चर्नी रोडचं ऑपेरा हाऊस आणि तिथे बघितलेले सिनेमे. पण तरुणपणी ते गावच्या हौशी नाटक मंडळीत होते आणि दर गणपतीत विंगेत पुस्तक धरून बसायचे. डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या अंकात मधेच एकदम हसायला लागले. मी म्हटलं, काय झालं?

म्हणाले, "अरे, हा मागे कोण कुजबुजतोय? बाईंच्या आधी ओळ सांगतोय तो."

मी हेडफोन लावून पुन्हा ऐकली. खरंच आहे. लिस्बनच्या त्या फितीत प्रॉम्प्टर स्पष्ट ऐकू येतो, जवळजवळ प्रत्येक ओळीच्या आधी. मी ती फीत निदान तीसदा ऐकली असेल, मला तो मागचा गोंगाट वाटत होता. बाबांनी पुढचा अंक संपेपर्यंत बाई ऐकल्याच नाहीत, फक्त त्याच्याकडे कान लावून बसले होते. शेवटी म्हणाले, "वेळेवर देतोय."